नारोशंकराच्या घंटेचे माहेर

आमच्या देवपुरापासून समुद्र फार लांब आहे. पांझरेच्या एका काठाला धुळे, दुसऱ्या काठाला देवपूर. आणि मधल्या पात्रात पावसाळ्याचे दिवस सोडले तर पाण्यापेक्षा वाळू आणि दगडच अधिक. नळाला पाणी दिवस मोजून येते. पाणी म्हणजे हंड्या-कळशीत मावणारी, जपून वापरायची वस्तू, हा संस्कार आमच्यावर लहानपणीच झालेला. अशा गावच्या माणसाला समुद्राची ओढ असावी की नसावी हे मला सांगता येणार नाही. पण माझ्या आईला ती होती, आणि हे मला तिच्या पंचाहत्तरीत कळले!

त्याचे असे झाले. आमच्या कन्यारत्नाचा आवाज देवाने जरा सढळ हाताने दिला आहे. ती शाळेतून आली हे आमच्या आळीतल्या शेवटच्या घरालाही कळते. ती दारात दिसली की आई म्हणते, “उनी नारोशंकरनी घंटा!” आई घरात अहिराणी बोलते, परक्यांपुढे पुस्तकी मराठी; आणि दोन्हींची सरमिसळ ती कधी करीत नाही. तर एके दिवशी कन्येने विचारले, “आजी, ही घंटा खरंच आहे की तू मला नुसती चिडवतेस?”

आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, “आहे तर! नाशिकला, गंगेवर. लग्न झालं त्या साली तुझे आजोबा मला गोदावरीच्या स्नानाला घेऊन गेले होते, तेव्हा पाहिली. ते म्हणाले, ही घंटा समुद्राकाठच्या वसईची, फिरंग्यांच्या देवळातली. मी म्हटलं, मला समुद्र दाखवा. ते म्हणाले, दाखवतो.”

“मग?”

“मग काय? तुझ्या मोठ्या काकांचा जन्म झाला, मग आत्याचा, मग तुझ्या बाबांचा. राहूनच गेलं ते.” आणि आई मेथीच्या काड्या गोळा करून उठली.

मी ओसरीत वर्तमानपत्र वाचण्याचे सोंग करीत बसलो होतो. कुठल्याही तक्रारीचा सूर नसलेले ते ‘राहूनच गेलं’ माझ्या डोक्यातून जाईना. वडिलांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्यांनी मुलांची शिक्षणे केली, घर बांधले, देणी फेडली. त्यांच्या नावावर एवढे एकच देणे उरले होते आणि ते आता माझ्याकडे आले होते.

रात्री सौभाग्यवतीशी मसलत झाली. समुद्रच पाहायचा तर सुरतेकडचा जवळ पडेल, असे एका स्नेह्याने सुचवले. पण कन्येने हट्ट धरला की घंटा जिथून आली तिथेच जायचे, आणि तिच्या आवाजापुढे आमचे काय चालणार? सौ.च्या मामेभावाचे रेल्वेतले एक निवृत्त सहकारी वसईला गिरीजच्या बाजूला वाडी राखून आहेत. ते ख्रिस्ती गृहस्थ, स्वभावाने मोकळे. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्याच आहेत, खुशाल या, असा त्यांचा निरोप आला. पुतण्याने आपली गाडी आणि ड्रायव्हर म्हणून आपण स्वतः, असे दोन्ही देऊ केले. माघ सरत आला होता, उन्हाची तिरीप अजून लागू लागली नव्हती. शुक्रवारी दुपारी निघायचे, शनिवार-रविवार राहायचे आणि रविवारी रात्री परत, असा बेत ठरला.

आईने मात्र दोन दिवसांच्या प्रवासाची तयारी दोन महिन्यांची असावी तशी केली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कळण्याचे पीठ, आणि वाडीच्या मालकिणीसाठी भरताची हिरवी वांगी! “कोकणातल्या माणसाने चांगलं वांगं पाहिलेलं नसतं,” असे तिचे ठाम मत. समुद्र न पाहिलेल्या बाईने कोकणच्या वांग्यांबद्दल मत द्यावे, याचे मला हसू आले. पण मी ते मिशीत लपवले.

धुळे सोडले की आग्रा रोडवर पहिला भेटतो तो लळिंगचा किल्ला. तो आम्हांला घरचाच, त्यामुळे त्याच्याकडे कुणी मान वळवून पाहिले नाही. पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागले. इथे मात्र मी पुतण्याला गाडी हळू घ्यायला सांगितली, कारण आमच्या घंटेची गोष्ट एका अर्थी इथूनच सुरू होते. मोसम नदीच्या काठचा मालेगावचा भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतला. नारोशंकर हे पेशवाईतले मातबर सरदार. पुढे १७४२ पासून काही वर्षे ते झाशीचे सुभेदार होते. नाशिकला पंचवटीच्या बाजूला गोदाकाठी त्यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे देऊळ बांधले, आणि त्याच्या तटावर नदीकडे तोंड करून ही प्रचंड घंटा टांगली. देवाचे नाव रामेश्वर, पण लोक देवळाला नारोशंकराचेच देऊळ म्हणतात. देवापेक्षा बांधणाराचे नाव मोठे झाले, आणि बांधणारापेक्षा घंटेचे!

संध्याकाळी पाचाच्या सुमारास आम्ही त्या घंटेखाली उभे होतो. गोदावरीच्या घाटावर नेहमीची गर्दी, भाजीवाल्यांचा आरडाओरडा, कपडे धुणाऱ्या बाया. वर तटाच्या मध्यावर छत्रीखाली ती काळपट, भली मोठी घंटा. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ती नाशिकला आली असे नाशिककर सांगतात. म्हणजे इकडे येण्यापूर्वी ती जेमतेम अठरा वर्षे फिरंग्यांच्या देवळात वाजली असेल. आणि गोदेच्या काठावर तिला पावणेतीनशे वर्षांच्या वर झाली.

कन्या मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, “माझा आवाज एवढा मोठा आहे?” आणि तो तिने एवढ्या मोठ्याने विचारला की दोन भाजीवाल्या वळून हसल्या.

कसाऱ्याचा घाट अंधारातच उतरलो. भिवंडीच्या वाहनांच्या गर्दीने तास-दीड तास खाल्ला; त्याविषयी लिहून वाचकांचा फराळ बेचव करण्यात अर्थ नाही. वाडीवर पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. अंगणात दिवा लावून यजमान आणि यजमानीणबाई वाट पाहत बसलेले. गाडीतून उतरताच ओल्या मातीचा, मोगऱ्याच्या कळ्यांचा आणि आणखी कसला तरी खारा वास आला. आई म्हणाली, “हा कसला वास?” यजमान म्हणाले, “आई, तो समुद्र. इथून दिसत नाही, पण रात्री वारा फिरला की असा चौकशी करून जातो.”

सकाळी सहालाच आई अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ अशी तयार होऊन बसली होती. भुईगावच्या किनाऱ्यावर गाडी थांबली. सुरूच्या झाडांमधून वाट जाते. आई माझा हात धरून चालत होती, तो तिने झाडी संपल्यावर सोडून दिला.

मला वाटले होते, ती काहीतरी बोलेल, निदान हात तरी जोडेल. तिने यातले काही केले नाही. ती नुसती उभी राहिली. भरतीचे पाणी चढत होते. मुले केव्हाच लाटांत शिरली होती, सौ. त्यांच्या मागे ओरडत होती. बऱ्याच वेळाने आई स्वतःशीच म्हणाली, “इतलं पानी, अन् पेवाले घोट नई!”

एवढे पाणी, आणि प्यायला घोटभर नाही! जन्मभर नळाच्या वेळेवर झोपमोड केलेल्या बाईला समुद्र पाहून दुसरे काय सुचणार? पण मग ती पुढे झाली, लुगडे घोट्याच्या वर धरले आणि पाण्यात उभी राहिली. लाट आली की पायांखालची वाळू सरकते, तशी सरकली. आई दचकली आणि लहान मुलीसारखी हसली. माझ्या आईचे ते हसणे मी यापूर्वी कधी ऐकले असल्याचे मला आठवत नाही.

चिरंजीवांनी भूगोलाचे ज्ञान पाजळायला हीच वेळ निवडली. पांझरा मुडावदला कपिलेश्वरापाशी तापीला मिळते, तापी सुरतेच्या खाली समुद्राला मिळते, आणि तो समुद्र म्हणजे हाच, फक्त थोडा वर उत्तरेला, असे त्यांनी आजीला समजावून सांगितले. कपिलेश्वरच्या शिवरात्रीच्या यात्रेला आई कितीदा तरी गेलेली. संगमावर उभे राहून तापीचे पाणी पुढे जाताना तिने पाहिले होते. ते कुठे जाते याचा विचार केला नव्हता.

“मंग आपली पांझरा आठेच येस का?” तिने विचारले. होय म्हटल्यावर तिने वाकून ओंजळभर पाणी घेतले, पाहिले आणि परत सोडून दिले.

वाडीवर परतलो तो आईला दुसरे नवल भेटले. मागच्या अंगणात बांबूच्या मांडवांवर सोललेली केळी उन्हात वाळत घातलेली! वसईची सुकेळी ती हीच. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, काही दिवस ऊन देत देत सुकवायची. रोज संध्याकाळी गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. साखर नाही, काही नाही. केळ्याचा स्वतःचा मध बाहेर येतो आणि रंग तांबूस होतो. आता आम्ही खानदेशातले. आमच्याकडे रावेर-यावलची केळी ट्रकांनी आणि रेल्वेच्या वाघिणींनी उत्तरेकडे जातात. केळ्याच्या बाबतीत आम्हांला कुणी काही शिकवावे, हे आमच्या पचनी पडत नाही. आईने एक सुकेळे तोंडात टाकले, सावकाश चघळले आणि मालकिणीला म्हणाली, “आमच्याकडे केळी पुष्कळ होतात हो, पण इतका जीव कुणी लावत नाही.” एका खानदेशी बाईच्या तोंडून याहून मोठी शिफारस निघणे शक्य नाही.

मालकीणबाईंना तेवढे पुरले. दोघींचे जे सूत जमले ते सुटेना. त्या घरात वसईकडच्या ख्रिस्ती लोकांची सामवेदी बोली बोलतात, आई अहिराणी. दोघीही एकमेकींशी शाळेतल्या मराठीत बोलत आणि मधूनच आपापल्या बोलीत घसरत. तासाभरात आमची वांगी त्यांच्या चुलीवर भाजली जात होती आणि त्यांच्या केळफुलाची भाजी आई निवडत होती. आई मासे-मटणाच्या वाऱ्याला उभी राहत नाही, हे मामेभावाने आधीच कळवले असावे. कारण ताटात वालाचे बिरडे, केळफूल, तांदळाची भाकरी आणि आमचे भरीत, एवढेच. एका ख्रिस्ती घरच्या ताटावर बसून आईने पोटभर जेवण केले. वीस वर्षांपूर्वी ती हे करती ना, हेही सांगून टाकतो.

दुपारी ऊन कलल्यावर किल्ल्यावर गेलो.

वसईचा किल्ला म्हणजे आपल्या डोंगरी किल्ल्यांसारखा चढायचा किल्ला नव्हे. ते तटाच्या आतले एक गाव होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली, आणि पुढची दोनशे पाच वर्षे त्यांनी इथे संसार थाटला. गोव्याच्या खालोखाल त्यांचे हे ठाणे. देवळे, मठ, सरदारांचे वाडे, सगळे घडीव दगडाचे. आज छपरे गेली, भिंती उभ्या आहेत. भिंतींतून वड-पिंपळांची मुळे उतरली आहेत. किल्ल्यातून बंदराकडे जाणारा डांबरी रस्ता जातो, त्यावरून कोळणींच्या पाट्या आणि रिक्षा जात असतात. आणि दोन्ही बाजूंना ही उघडी, उंच देवळे. फ्रान्सिस्कन साधूंच्या देवळाची जमीन म्हणजे सगळे थडग्यांचे दगड. त्यांवर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज अक्षरांच्या ओळी. मुले त्यांवरून उड्या मारीत होती. आईने त्यांना दटावून खाली उतरवले. “कुणाचं तरी माणूस निजलं आहे,” ती म्हणाली.

याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये ते संतपदाला पोचले. भारतात जन्मलेल्यांपैकी असा मान मिळालेले ते पहिले. त्यांची जत्रा आजही किल्ल्यातल्या एका पडक्या देवळात भरते. आम्ही गेलो तेव्हा ती नुकतीच होऊन गेली होती. मांडवाचे बांबू अजून कोपऱ्यात पडून होते.

चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी चिरंजीवांनी आमचे छायाचित्र घेतले. मग तटावर बसून मी मुलांना लढाईची गोष्ट सांगितली. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा बसला. तीन बाजूंना खाडी, दलदल आणि समुद्र, तट जाड, तोफा फिरंग्यांच्या सरस. मराठ्यांनी सुरुंग खणले. काही वेळेवर उडाले नाहीत, काही आपल्याच माणसांवर उडाले. मे महिन्यात सॅन सेबास्तियनचा बुरूज फुटला, खिंडार पडले, आणि दोन दिवसांच्या घनघोर रणानंतर पोर्तुगिजांनी पांढरे निशाण लावले. मेलेल्या मराठ्यांची संख्या हजारांत होती. आणि एवढे रक्त सांडल्यावर तहात काय ठरले? पोर्तुगीज शिबंदीने आपल्या शस्त्रांसह, निशाणे फडकवीत, वाजतगाजत बाहेर पडावे. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळू द्यावा. विजयाच्या धुंदीत असा तह लिहिणे सोपे नसते. चिमाजी अप्पा त्यानंतर दोन वर्षेही जगले नाहीत; १७४० च्या डिसेंबरात ते गेले.

वसईला दुसराही एक तह झाला, तो मात्र आम्हां खानदेशकरांच्या पाठीवर वळ उठवून गेला. यशवंतराव होळकरांनी पुण्यावर चाल केल्यावर पळालेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला याच वसईत आला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने आपले स्वातंत्र्य कंपनीला लिहून दिले. त्या साली खानदेश फौजांच्या धुमाळीत लुटला गेला, १८०३ चा दुष्काळ पडला आणि धुळे ओस पडले. गाव पुन्हा वसवावे लागले. १८१८ मध्ये मालेगावच्या त्याच नारोशंकरी किल्ल्यात अरबांनी इंग्रजांना दाद दिली नाही म्हणून तिथे मोठा वेढा पडला, तोही पडला, आणि पुढच्या वर्षी कॅप्टन ब्रिग्जने नव्या जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. आमच्या कचेऱ्या, आमच्या सरळ रेघेतल्या पेठा, सगळे त्यानंतरचे. समुद्राकाठच्या एका सहीने तीनशे किलोमीटरवरच्या आमच्या गावाचे नशीब फिरले.

आणखी एक योगायोग तिथे बसल्या बसल्या आठवला. या उत्तर कोकणची जुनी हकिगत सांगणारी महिकावतीची बखर १९२४ साली छापून काढली ती इतिहासाचार्य राजवाड्यांनी. राजवाडे जन्माने कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे. पण त्यांचा अखेरचा काळ गेला आमच्या धुळ्यात, आणि तिथेच ते वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळावरून मी वर्षानुवर्षे बाजाराला जात आलो. ते गेले ती तारीखही ३१ डिसेंबरच, १९२६ ची. पण हे ऐकायला मुले जागेवर होती कुठे? ती केव्हाच मनोऱ्याकडे पळाली होती.

सेंट जोसेफच्या त्या मोठ्या देवळापाशी आम्ही शेवटी गेलो. कमानीचे भव्य दार, आत नुसते आकाश, आणि बाजूला चौकोनी उंच मनोरा. मनोऱ्याच्या माथ्यावर खिडक्यांची रिकामी भोके. त्यांतून पोपट आत-बाहेर करीत होते.

आई बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, “इथे घंटा असायची?”

“घंटा इथल्या सगळ्याच देवळांतून होत्या,” मी म्हणालो. “पुष्कळशा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकराला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. आणि आपली नाशिकची.”

आई काही बोलली नाही. शाळेत, व्याख्यानांत, वसईच्या विजयाची गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी घंटेपाशी येऊन आमची छाती फुगली असेल. पण घंटा गेल्यावर मागे भोक राहते, हे मी त्या दिवशी पाहिले.

संध्याकाळी अंगणात खाटा टाकून बसलो. विश्रांती म्हणतात ती हीच असावी. विहिरीवरचा पंप बंद झाला, पागोळ्यांसारखे थेंब केळीच्या पानांवरून पडत होते, आणि कुणालाच काही करायचे नव्हते. यजमान वाडीची गोष्ट सांगत होते. मुलगा कॅनडात. शेजारच्या दोन वाड्या विकल्या गेल्या, तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या धाकट्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. या हिरव्या पट्ट्यासाठी इथल्या लोकांनी मोठा लढा दिला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही धुळ्याला त्यांचे भाषण ऐकले होते, हे मी सांगितले. यजमान म्हणाले, “ते २०२४ मध्ये गेले. घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.”

अशी शांत गप्पाष्टके चालली असता आमच्या नारोशंकराच्या घंटेने तोंड उघडले.

“काका, नाशिकची घंटा तुमच्याच देवळातली ना? आमच्या लोकांनी नेली ती?”

सौ.ने तिच्याकडे असे पाहिले की एरवी ती गप्प बसली असती. पण शब्द बाहेर पडला होता. मला अंगणातली जमीन दुभंगेल तर बरे असे झाले.

यजमान मात्र हसले. “वाजते ना ती अजून? मग बरं आहे. वितळवून तोफ ओतली असती तर?” मग जरा थांबून म्हणाले, “मी रेल्वेत असताना एकदा नाशिकला कामावर होतो. दोन तास मोकळे मिळाले. घाटावर गेलो. तिच्याखाली उभा राहिलो, साल वाचलं. घरी येऊन कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सांगायचं तरी काय? चहा घेतला आणि गाडी पकडली.”

मालकीणबाई त्यांच्याकडे पाहू लागल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होते.

आई म्हणाली, “माहेर लांब पडलं हो तिचं.”

“लांब पडलं खरं,” ते म्हणाले. “पण सासरी मान आहे, असं ऐकतो.”

“आहे,” आई म्हणाली. “मोठा मान आहे.”

त्यानंतर कुणीच काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्यात अवघडलेपणा नव्हता.

रविवारचा दिवस आम्ही काहीही न करण्यात घालवला. अर्नाळ्याचा जलदुर्ग राहिला, निर्मळचे तळे राहिले, वज्रेश्वरीही राहिली. पुतण्याने याद केलेली यादी त्याच्या खिशातच राहिली. सकाळी पुन्हा किनाऱ्यावर गेलो, तेव्हा ओहोटी होती; आईला पाणी एवढे मागे गेलेले पाहून काळजी वाटली. “संध्याकाळी परत येतं,” असे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, “आपल्या नळापेक्षा बरं.”

दुपारी जेवून निघालो. मालकीणबाईंनी सुकेळ्यांच्या पानात बांधलेल्या जुड्या दिल्या, आणि आईच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगऱ्याच्या कळ्यांचा पुडा ठेवला. दोघींनी एकमेकींचे हात बराच वेळ सोडले नाहीत. “पुढच्या खेपेला तुम्ही देवपूरला या,” आई म्हणाली. “समुद्र नाही आमच्याकडे. पण भरीत आहे.”

नाशिकला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. पुतण्या बाहेरच्या रस्त्याने थेट निघण्याच्या विचारात होता. आई म्हणाली, “गंगेवर घे.”

घाटावर उतरून ती सावकाश देवळापाशी गेली. आधी आत जाऊन रामेश्वराला चार कळ्या वाहिल्या. मग बाहेर येऊन तटाखाली, बरोबर घंटेच्या रेषेत उभी राहिली. घंटा उंचावर, हात पोचण्याचा प्रश्नच नव्हता. आईने पुडा उघडला, उरलेला मोगरा तटाच्या पायथ्याशी दगडावर ठेवला आणि वर पाहून म्हणाली, “ले व माय, तुना माहेरना मोगरा.”

कन्या शेजारीच उभी होती. तिने प्रथमच हळू आवाजात मला विचारले, “आजी कुणाशी बोलतेय?”

मी तिला गाडीकडे घेऊन गेलो. आई मागून आली, आपल्या जागेवर बसली आणि चांदवडच्या आधीच झोपी गेली. ओले फडके तिच्या मांडीवरच होते. देवपूर येईपर्यंत गाडीत मोगऱ्याचा वास होता.